खाऱ्या पाण्यातलं बेणं

रामेश्वरला जाणारी गाडी मंडपम सोडून पांबनच्या पुलावर आली की डब्यातली माणसं दोन्ही बाजूंच्या खिडक्यांशी गोळा होतात. १९१४चा जुना पूल आता निवृत्त झाला आहे आणि एप्रिल २०२५पासून गाड्या नव्या पुलावरून जातात, पण पाणी तेच आहे. उजव्या हाताला मन्नारचं आखात आहे. तिथे प्रवाळांच्या रांगा आणि एकवीस छोटी बेटं आहेत. डाव्या हाताला पाल्कचा उपसागर आहे, उथळ आणि वर्षातले बरेच महिने शांत. महाराष्ट्रातून दरवर्षी कितीतरी यात्रेकरू या पुलावरून जातात. त्यातले थोडेच मंडपमला उतरून डाव्या बाजूच्या किनाऱ्याने चालतात. जे चालतात त्यांना कमरेइतक्या पाण्यात बांबूचे चौकोन ओळीने तरंगताना दिसतात. प्रत्येक चौकोनाखाली दोऱ्यांना बांधलेलं, रसरशीत, हिरवट-तपकिरी काहीतरी लोंबत असतं. या किनाऱ्यावरची मच्छीमार कुटुंबं गेली दोन दशकं त्याच्यावर घरखर्चाचा काही भाग भागवत आली आहेत.

त्याचं शास्त्रीय नाव कप्पाफायकस अल्वारेझी. हे लाल शैवालांच्या कुळातलं समुद्री शेवाळ आहे. ते वाळवून त्यातून कॅरागीनन नावाचा चिकट, घट्टपणा आणणारा पदार्थ काढतात. आइस्क्रीम, टूथपेस्ट, चॉकलेटचं दूध, डबाबंद मांस अशा कितीतरी वस्तूंना तो धरून ठेवतो. शेवाळ लावणाऱ्या घरात या वस्तू क्वचितच येतात. त्या घराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. हे पीक पंचेचाळीस दिवसांत हाती येतं. त्याला जमीन लागत नाही, गोडं पाणी लागत नाही, खत लागत नाही.

तराफ्याची रीत अगदी साधी आहे. साधारण बारा फुटी बांबूंचा चौकोन बांधायचा, त्यावर वीस दोऱ्या ताणायच्या आणि प्रत्येक दोरीला वीस ठिकाणी शेवाळाचे तुकडे बांधायचे. एकेक तुकडा दीडशे ग्रॅमचा धरला तर एका तराफ्याला साठ किलो बेणं लागतं. खालून जाळं लावायचं, नाहीतर शेवाळ खाणारे मासे ताव मारतात. मग तराफे एकमेकांना जोडून नांगर टाकायचा. दोऱ्या बांधायचं काम किनाऱ्यावर सावलीत बसून होतं आणि ते बहुतेक बायकाच करतात. पाण्यातली ने-आण, नांगर, बांबूची दुरुस्ती ही कामं घरातले पुरुष किंवा नवरा-बायको मिळून करतात. पंचेचाळीस दिवसांनी तराफा ओढून आणला की चांगल्या हंगामात दोनशे ते अडीचशे किलो ओलं शेवाळ निघतं. त्यातलं साठ किलो पुन्हा बेणं म्हणून दोऱ्यांवर जातं. उरलेलं वाळूवर पसरून दोन-तीन दिवस उन्हात वाळवायचं. दहा किलो ओल्याचं जेमतेम एक किलो सुकं होतं.

ऊसवाल्या शेतकऱ्याला ही रीत ओळखीची वाटेल. कांडी लावायची, तिचाच ऊस होतो आणि त्यातून पुढची कांडी काढायची. कप्पाफायकसही असंच तुकड्यातून वाढतं. ही त्याची सोय आहे. या पिकाचं जे नुकसान पुढे झालं त्याचं एक मूळही इथेच आहे.

पाल्कच्या छोट्या मच्छीमाराला जोडधंद्याची गरज का पडली, हे आधी पाहायला हवं. या उपसागरात ट्रॉलर आणि छोट्या होड्या यांच्यात इतकी भांडणं झाली की आठवड्याचे दिवसच वाटून द्यावे लागले. ट्रॉलरनी तीन दिवस समुद्रात जायचं आणि पारंपरिक होड्यांनी चार दिवस. कागदावर हे न्याय्य दिसतं. पण ट्रॉलरने तीन दिवसांत तळ खरवडून काढल्यावर उरलेल्या चार दिवसांत होडीला काय मिळणार? शिवाय समोर श्रीलंकेची सागरी हद्द आहे. १९७४च्या कराराने कच्चतीवू बेट त्या बाजूला गेलं. हद्द ओलांडल्याच्या आरोपावरून तमिळ मच्छीमारांना होणारी अटक आणि होड्यांची जप्ती ही नेहमीची बातमी आहे. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत पूर्व किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना एकसष्ट दिवसांची बंदी असते, तेव्हा त्यांच्यावरचे खलाशी घरी बसतात. अशा घराला किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, हद्द न ओलांडता, डिझेल न जाळता चार पैसे मिळत असतील तर ते घर नाही कसं म्हणेल?

हे शेवाळ मूळचं मंडपमचं नाही. त्याची व्यापारी शेती फिलिपाइन्सच्या दक्षिणेकडच्या बेटांवर सुरू झाली. हवाई विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मॅक्सवेल डोटी यांनी एका अमेरिकी कंपनीच्या साथीने साठ-सत्तरच्या दशकात तिथे प्रयोग केले. त्या कामातले स्थानिक सहकारी व्हिसेंते अल्वारेझ यांच्या नावावरून या जातीला अल्वारेझी हे नाव मिळालं. भारतात ते आणलं भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने, ऐंशीच्या दशकात जपानमधून. आधी सौराष्ट्रात ओखाच्या किनाऱ्यावर त्याला इथल्या पाण्याची सवय लावली आणि मग ते मंडपमला नेलं. २००१च्या सुमारास पेप्सिको या व्यवसायात उतरली. तिने बचत गटांना बेणं आणि प्रशिक्षण दिलं, बँकांनी कर्जं दिली आणि माल विकत घ्यायची हमी कंपनीने घेतली. तमिळमध्ये शेवाळाला पासी म्हणतात. किनाऱ्यावरच्या बायकांनी या नव्या पिकाला सरळ ‘पेप्सी पासी’ म्हणायला सुरुवात केली. २००८मध्ये पेप्सिको बाहेर पडली आणि अ‍ॅक्वाग्री नावाच्या कंपनीने तो कारभार घेतला, पण नाव टिकलं.

सुरुवातीचे आकडे फार लहान होते. २००१ साली सगळं मिळून एकवीस टन सुकं शेवाळ निघालं आणि त्याला किलोमागे साडेचार रुपयेही मिळत नव्हते. २०१३पर्यंत उत्पादन १,४९० टनांवर गेलं आणि भाव पस्तीस रुपयांपर्यंत चढला. या भावाचा अर्थ एका घराच्या हिशेबात बघावा. तराफ्यातून दोनशे चाळीस किलो निघालं, साठ किलो बेण्याला ठेवलं, एकशे ऐंशी किलो वाळवलं की हाती अठरा किलो सुकं शेवाळ येतं. साडेचार रुपयांनी त्याचे एक्क्याऐंशी रुपये होतात आणि पस्तीस रुपयांनी सहाशे तीस. या शेतीत पंचेचाळीस तराफ्यांचा एक संच धरतात. रोज एक तराफा लावायचा आणि पंचेचाळिसाव्या दिवसानंतर रोज एक काढायचा. म्हणजे २०१३च्या भावाने, समुद्र शांत असताना आणि पीक निरोगी असताना, एका घराला दिवसाला सहाशे रुपयांच्या आसपास मिळत होते. त्यातून बांबू, दोरी आणि जाळ्याचा खर्च वजा करायचा. ही श्रीमंती नाही, पण रोज हातात येणारी रोकड आहे. मासेमारीचा पैसा कसा येतो ते ज्याने पाहिलं आहे, म्हणजे एका फेरीत हजारो रुपये आणि पुढच्या चार फेऱ्यांत डिझेलचीही भरपाई नाही, त्याला अशा नियमित सहाशे रुपयांची किंमत सांगावी लागत नाही.

तराफे येण्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या बायका शेवाळावर जगत होत्या. मन्नारच्या आखातात त्या बुडी मारून नैसर्गिक शेवाळ गोळा करत. अगारसाठी लागणारं जेलिडिएला आणि अल्जिनेटसाठी लागणारं सरगॅसम. बोटांना कापडाच्या चिंध्या गुंडाळायच्या, पायाला पत्र्याचे किंवा रबराचे तुकडे बांधायचे, डोळ्यांवर गॉगल चढवायचा आणि श्वास रोखून प्रवाळांच्या खडकांत उतरायचं. या कामात हात कापले जातात आणि कानांना इजा होते. १९८६मध्ये बेटांच्या परिसराला सागरी राष्ट्रीय उद्यान घोषित केल्यावर हे पिढीजात काम गुन्हा ठरू लागलं. वनखात्याने अडवायचं, माल जप्त करायचा आणि बायकांनी पुन्हा जायचं, कारण घरात चूल होती. पांबनजवळच्या चिन्नपालम गावातल्या लक्ष्मी मूर्ती यांनी या बायकांना संघटित केलं. महिन्यातले बाराच दिवस शेवाळ काढायचं आणि खडक खरवडणारी हत्यारं वापरायची नाहीत, असे नियम बायकांनी स्वतःच स्वतःवर घालून घेतले. या कामासाठी लक्ष्मी मूर्ती यांना २०१५मध्ये सीकॉलॉजी या अमेरिकी संस्थेचा पुरस्कार मिळाला.

हा भाग वगळून शेवाळशेतीची यशोगाथा सांगणं अन्यायाचं आहे. समुद्रातलं शेवाळ कुठे येतं, कधी सडतं, कुठल्या वाऱ्यात तुटतं हे ज्ञान या बायकांकडे आधीपासून होतं. कंपनीने त्यांना तराफा दिला, पण समुद्र त्यांना शिकवावा लागला नाही.

मग २०१३-१४ आलं. पाणी तापलं. शेवाळाचे तुकडे टोकांकडून पांढरे पडले, मऊ झाले आणि तुटून गळायला लागले. शास्त्रज्ञ याला आइस-आइस रोग म्हणतात. तापमान, क्षारता किंवा प्रकाश बिघडला की शेवाळ दुबळं होतं, त्यावर जंतू बसतात आणि काही दिवसांत दोरी रिकामी होते. तराफेच्या तराफे गेले. वाढत चाललेलं उत्पादन कोसळलं आणि पुढची काही वर्षं ते जुन्या पातळीवर आलंच नाही. अनेक घरांनी बांबू मोडून टाकले.

इथे पुन्हा बेण्याचा मुद्दा येतो. सगळ्या किनाऱ्यावरचं कप्पाफायकस एकाच आणलेल्या बेण्यातून तुकडे करत वाढवलेलं होतं. म्हणजे हजारो तराफ्यांवर एकच झाड होतं. एकाला जे सोसत नाही ते कुणालाच सोसत नाही. ज्वारीच्या शेतकऱ्याचं एक वाण गेलं तर शेजारच्या गावात दुसरं असतं. मंडपमच्या बाईकडे दुसरं काहीही नव्हतं. आणि बेणं संपलं की नुसतं पीक जात नाही, पुढची लावणीही जाते. ते पुन्हा मिळवायचं तर कंपनीच्या किंवा संस्थेच्या दारात उभं राहावं लागतं. भावनगरच्या संस्थेने पुढे ऊतीसंवर्धनातून रोपं तयार करून शेतकऱ्यांना दिली आणि ती जोमदार निघाली. २०२४मध्ये केंद्र सरकारने परदेशातून जिवंत शेवाळ आणण्यासाठी नियमावलीही काढली. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. त्या दहा वर्षं आधी झाल्या असत्या तर कितीतरी कुटुंबांना हा धंदा सोडावा लागला नसता.

दुसरा आक्षेप पर्यावरणवाल्यांचा होता आणि तो बाजूला सारण्याजोगा नाही. २००८मध्ये मदुरैच्या संशोधकांनी ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिलं की तराफ्यांवरून सुटलेलं हे परदेशी शेवाळ कुरुसडै बेटाजवळच्या जिवंत प्रवाळांवर चढलं आहे आणि त्यांना झाकून मारतं आहे. भावनगरच्या बाजूने उत्तर आलं की हा भाग फार छोटा आहे. तमिळनाडू सरकारने २००५मध्येच परदेशी शेवाळाची लागवड राष्ट्रीय उद्यानाच्या पाण्यापासून दूर, पाल्कच्या बाजूला आणि तुतिकोरीनच्या दक्षिणेला ठेवायचं ठरवलं होतं. जागेचं हे बंधन योग्यच आहे. प्रवाळ मेले तर मासळी कमी होईल आणि जोडधंद्यासाठी मूळ धंदा घालवल्यासारखं होईल. शंका एवढीच की जागा ठरवताना गावाला कुणी विचारतं का? रोज होड्या जिथून निघतात तिथे तराफ्यांची शेती उभी राहिली तर एका मच्छीमाराचं उत्पन्न दुसऱ्याची वाट अडवतं.

मंडपमने जे भोगलं ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावर झांजिबारने आधीच भोगलं होतं. तिथे १९८९च्या सुमारास शेवाळशेती सुरू झाली आणि ती जवळजवळ संपूर्ण बायकांच्या हातात राहिली. पाजे, जंबियानी या गावांत ओहोटीच्या वेळी खुंट्या रोवायच्या, त्यांना दोऱ्या बांधायच्या आणि भरती यायच्या आत परतायचं. हातात स्वतःचा पैसा पहिल्यांदाच आला. त्यातून मुलांची शाळा झाली, घरावर पत्रे आले. पुढे किनाऱ्याजवळचं उथळ पाणी तापत गेलं आणि जास्त भावाचं कप्पाफायकस, ज्याला तिथे कॉटोनी म्हणतात, मरायला लागलं. उरलं ते स्पिनोसम, ज्याला भाव फार कमी. थंड पाण्यासाठी खोल जावं तर बहुतेक बायकांना पोहता येत नव्हतं आणि होडी त्यांच्या मालकीची नव्हती. टांझानियाच्या शास्त्रज्ञ फ्लॉवर म्सुया यांनी त्यांच्यासोबत वर्षानुवर्षं काम केलं. खोल पाण्यासाठी नळीसारखी जाळी आणली आणि शेवाळ कच्चं विकण्याऐवजी त्याची पूड करून साबण, तेल, खाद्यपदार्थ बनवायला शिकवलं. शेवाळाच्या साबणाची एक वडी कित्येक किलो सुक्या शेवाळाचा भाव मिळवून देते. बायकांच्या उत्पन्नात फरक पडला तो इथे.

जपानची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. नोरी म्हणजे सुशीभोवती गुंडाळतात ते शेवाळ. त्याचं पीक पूर्वी निव्वळ नशिबावर अवलंबून होतं, कारण उन्हाळ्यात ते कुठे गायब होतं हेच कुणाला माहीत नव्हतं. १९४९मध्ये मँचेस्टरच्या कॅथलीन ड्र्यू-बेकर यांनी ‘नेचर’मध्ये छोटासा लेख लिहून दाखवलं की त्याच्या आयुष्यातला एक टप्पा शिंपल्यांच्या आत जातो. त्यावरून जपानी शास्त्रज्ञांनी शिंपल्यांवर बेणं तयार करायची पद्धत बसवली आणि धंद्यातला जुगार संपला. ड्र्यू-बेकर जपानला कधी गेल्याच नाहीत. कुमामोतोजवळच्या उतो गावात मच्छीमारांनी त्यांचं स्मारक उभारलं आहे आणि दर एप्रिलला तिथे त्यांना वंदन करतात. बेण्याचं कोडं सुटलं की काय होतं, ते उतोचे लोक जाणतात.

भारतात सरकारने या पिकाकडे मोठ्या अपेक्षेने पाहायला सुरुवात केली ती २०२०पासून. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शेवाळासाठी ६४० कोटी रुपये ठेवले आणि पाच वर्षांत ११ लाख टनांहून अधिक उत्पादनाचं लक्ष्य जाहीर केलं. रामनाथपुरम जिल्ह्यात सुमारे १२७ कोटींच्या शेवाळ उद्यानाची पायाभरणी २०२३मध्ये झाली. प्रत्यक्ष उत्पादन लक्ष्याच्या जवळपासही गेलेलं नाही. तरी योजनेतला छोट्या मच्छीमाराच्या कामाचा भाग समजून घ्यावा असा आहे. एका तराफ्याचा खर्च दीड हजार रुपये धरला आहे आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना त्यात साठ टक्के अनुदान आहे. पंचेचाळीस तराफ्यांचे साडेसदुसष्ट हजार होतात. त्यातले सत्तावीस हजार घरातून घालावे लागतात. यांत्रिक होडीच्या इंजिनापुढे ही रक्कम काहीच नाही. मासेमारीला जोड म्हणून हे परवडतं. मासेमारी सोडा आणि हे करा असं कुणी म्हणत असेल तर त्याने ईशान्य मोसमी पावसातला पाल्कचा उपसागर पाहिलेला नाही. त्या वादळी आठवड्यांत तराफे ओढून आणावे लागतात, नाहीतर बांबूही जातात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपमला मोदा माशाच्या पिंजऱ्यांभोवती तराफे लावून पाहिले. माशांच्या विष्ठेतलं नत्र शेवाळाने घेतलं आणि उत्पादन दीडपटीवर गेलं. मासा आणि शेवाळ एकमेकांना धरून चालतात, याचा हा उत्तम दाखला आहे.

मराठी शेतकऱ्याचा या समुद्राशी संबंध आहे, फक्त तो त्याला माहीत नसतो. ताज्या कप्पाफायकसचा रस काढून तो पिकावर फवारायचं तंत्र भावनगरच्या संस्थेने विकसित केलं. उरलेला चोथा कॅरागीननला जातो. इफको ‘सागरिका’ या नावाने शेवाळाचं जे द्रावण विकते ते याच तंत्रातून आलं आहे. ते आज महाराष्ट्रातल्या कृषी सेवा केंद्रांत मिळतं आणि ऊस, द्राक्ष, भाजीपाल्यावर फवारलं जातं. अशी सी-वीडची बाटली घेणाऱ्या शेतकऱ्याला ते शेवाळ बांधणाऱ्या बाईला काय मिळालं, हे कुणी सांगत नाही.

हे आपल्या कोकणात होईल का? शेवाळ कोकणाला परकं नाही. मालवण, कुणकेश्वर, रत्नागिरी, गोव्यात हणजूण इथल्या खडकांवर सरगॅसम, उल्वा, ग्रॅसिलेरिया सगळं येतं आणि पावसाळ्यात नोरीच्या कुळातलं पोर्फिराही दिसतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या किनाऱ्याची शैवालं दशकांपूर्वीच मोजली आहेत. गरजही पाल्कसारखीच आहे. रापण ओढणाऱ्या गाबितांनी आणि छोट्या होडीच्या कोळ्यांनी पर्ससीन आणि एलईडी मासेमारीविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला. २०१६मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७मध्ये एलईडीवर बंदी आणली, तरी संघर्ष थांबलेला नाही. सिंधुदुर्गातल्या बचत गटांनी खेकडा आणि कालवं वाढवायचे प्रयोग करून पाहिले आहेत, म्हणजे खाडीत शेती ही कल्पना तिथे नवी नाही.

अडचण पावसाची आहे. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र उसळलेला असतो आणि नद्यांचं गोडं, गढूळ पाणी खाड्यांतून बाहेर येतं. कप्पाफायकसला ते अजिबात मानवत नाही. पाल्कच्या उथळ, शांत पाण्यासाठी घडलेला बांबूचा तराफा आपल्या उघड्या किनाऱ्यावर टिकायचा नाही. लाटांचा मार जास्त असलेल्या सौराष्ट्रात नळीच्या जाळ्या वापरल्या गेल्या. कोकणात आडोशाच्या खाड्यांची तोंडं निवडून तेच करावं लागेल. नाहीतर परदेशी जात सोडून इथल्याच ग्रॅसिलेरियाकडे वळावं लागेल, आणि प्रवाळांना असलेला धोका पाहता मालवणच्या सागरी अभयारण्याजवळ तर हाच मार्ग शहाणपणाचा आहे. डिसेंबर ते मे हे सहा महिने धरले तर पंचेचाळीस दिवसांची चार पिकं बसतात. मासेमारीचा भर सांभाळून घरातल्या बायकांना झेपेल एवढं हे काम आहे.

पण मे संपताना दोऱ्या उतरवाव्या लागतील आणि पावसाळ्याचे चार महिने बेणं कुठेतरी जिवंत ठेवावं लागेल. ते टाक्यांमध्ये ठेवायचं, तर खारं पाणी फिरवायला वीज लागते आणि ती एका घराला परवडणारी नाही. हे काम संस्थेचं, सहकारी सोसायटीचं किंवा मत्स्यखात्याचं आहे. पहिल्या वर्षी योजनेतून बेणं येईल, प्रशिक्षण होईल, फोटो निघतील. दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात कोकणातल्या आचरा किंवा काळबादेवीच्या बचत गटाने बेणं मागितलं तर ते कुठल्या टाकीतून, किती रुपये किलोने आणि कुणाच्या गाडीतून येणार, याचं उत्तर पहिली दोरी पाण्यात सोडायच्या आधी लेखी मिळालं पाहिजे.